बत्ताशावरचे तीन थेंब

सासऱ्यांच्या छातीत जळजळ होते आणि ती कशानं वाढते हे मला गेलं दीड वर्ष ठाऊक आहे. त्यांना ठाऊक नाही, कारण मी सांगितलेलं नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याबद्दल उगाच चांगलं मत करून घ्यायला नको.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कऱ्हाडच्या रस्त्याला लागून. घराच्या सोप्यात बसलं की समोर एसटीचा थांबा दिसतो. सोप्यातल्या खुंटीला एक लहान कापडी पिशवी असते आणि पिशवीत तपकिरी काचेची बाटली. सासरे फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले. तिथं एका सोबत्याकडून ते एक औषध शिकून आले. पेपरमिंटचं फूल, ओव्याचं फूल आणि कापूर. पेपरमिंटचं फूल म्हणजे काही फूल नव्हे. पुदिन्याच्या जातीच्या झाडाचं तेल काढतात, त्यातून निघणारे पांढरे, सुयांसारखे खडे. कऱ्हाडात काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. तिन्ही वस्तू कोरड्या. पण एका बाटलीत घालून हलवल्या की वरून एक थेंब न घालता त्यांचं पाणी होतं. मी नवी सून असताना पहिल्यांदा ते बघितलं आणि तोंड उघडं टाकून बघतच राहिले. सासरे माझ्याकडं बघत होते. "बगितलंस? सायन्स हाय ह्ये," म्हणाले. मी डी.एड. झालेली, तरी मान डोलावली.

पेपरमिंट ते दुप्पट घालायचे, म्हणून सगळे त्या औषधालाच पेपरमिंट म्हणायचे. खोटं कशाला बोलू, पुष्कळ गोष्टींना ते चालायचं. घाटात ज्यांना गाडी लागते त्यांनी रुमालावर एक थेंब टाकून वास घेतला की ओकारी थांबायची. पोटात वात धरला, कळ आली, तर तासाभरात मोकळं वाटायचं. डोकं दुखलं की कपाळाला, दाढ दुखली की कापसावर, सर्दीला गरम पाण्यात टाकून वाफ. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ मात्र ते नेऊ द्यायचे नाहीत, बाळाचा श्वास कोंडतो म्हणायचे, आणि त्यात ते बरोबर होते. पोटात घ्यायचं तर बत्ताशावर तीन थेंब. चौथा थेंब म्हणजे विष, असं ते बजावून सांगायचे.

औषधापेक्षा नियम मोठे. उपाशीपोटी यायचं, पूर्वेकडं तोंड करून घ्यायचं. पैसे द्यायचे नाहीत, आभार मानायचे नाहीत. आणि शेवटचा नियम ते बोट वर करून सांगायचे: एकवीस दिवस दुसऱ्या कुणाचं औषध घ्यायचं नाही. "दुसऱ्याचं औषध मधी आलं की गुण जातो." नुसता त्या माणसाचा नाही, बाटलीचाच गुण जातो, असं गाव धरून चाललं होतं. त्यामुळं औषध चालू असताना कुणी चोरून दवाखान्यात गेलं की ते सगळ्या गावाचं वाईट करतंय असं वाटायचं. गावातली माणसं एकमेकांवर नजर ठेवायची. सासऱ्यांना काही करायला लागायचं नाही.

मी चौथीच्या वर्गाला एक प्रयोग करून दाखवते. एका मुलाच्या मनगटाला पेपरमिंटचा थेंब चोळायचा आणि थर्मामीटर लावायचा. मुलगा ओरडतो, बाई, बर्फ बर्फ. थर्मामीटर होता तिथंच असतो. कातडी गार होत नाही, नुसती गार वाटते. मुलांना लय मजा वाटते. मी हा प्रयोग सासूबाई गेल्यावर सुरू केला.

सासूबाईंना मी आत्ती म्हणायचे. माहेर शिराळ्याकडचं, अंगानं बारीक, आवाज त्याहून बारीक. मी वडूजकडची. तिकडं पाण्याच्या कळशीवरून भांडणं बघत वाढलेली, म्हणून माझा आवाज पहिल्यापासून वरच्या पट्टीत. आमच्या दोघींचं जमायचं कारण नव्हतं, पण जमलं. नवरा फौजेत, कायम वरतीकडं, सरहद्दीवर. घरात आम्ही तिघंच. मी शाळेतून आले की चुलीपुढं बसून त्या मला दिवसभराचं सगळं सांगायच्या, आणि सोप्यातून खाकरल्याचा आवाज आला की वाक्य अर्ध्यात सोडायच्या.

त्यांचं पोट दुखायला लागलं. छातीच्या खाली, खळग्यात. चार घास खाल्ले की बोट टेकवून बसायच्या. सासऱ्यांनी बाटली काढली. आत्ती पूर्वेकडं तोंड करून बसल्या, तोंड उघडलं. बत्तासा विरघळला तशा म्हणाल्या, "आवं, गार वाटलं बगा." सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं, जणू मीच पैज लावली होती.

गार वाटलं, हेच वाईट झालं. वाटलं नसतं तर निदान आरडाओरडा झाला असता. सकाळी दुखायचं, थेंब घेतले की दुपारपर्यंत निभायचं. एकवीस दिवस संपले की सासरे पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागायचे. आठ महिन्यांत आत्तींची पोलकी दोनदा आत घ्यायला लागली.

एकदा जेवताना मी म्हटलं, "मामा, आत्तींना कऱ्हाडला दाखवूया की."

त्यांनी भाकरी ताटात ठेवली. "माज्या घरातली बाई दवाखान्यात गेल्याली लोकांनी बगितली तर उद्या दारात कोन यील का औषदाला?"

"लोकांचं ऱ्हाऊ द्या. त्यांना खाल्लेलं पचंना झालंय."

"तू पोरास्नी शिकीव. घरात शिकवू नगंस."

आत्ती मान खाली घालून त्यांना वाढत होत्या. मी शिकवलेली मुलं तरी वर बघतात.

मग मी खोटं बोलले. पुतणीच्या लग्नाला बांगड्या भरायच्यात असं सांगून आत्तींना कऱ्हाडला नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं आणि विचारलं, शी काळी होते का, डांबरासारखी? आत्तींनी पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. किती महिने, तर बोटं मोजायला लागल्या. बाई म्हणाल्या, जठरात जखम असणार, अल्सर. दुर्बीण घालून बघायला पाहिजे. तोवर चौदा दिवसांच्या गोळ्या, सकाळी उपाशीपोटी एक. पुढच्या आठवड्यात तपासणीला आणा, उशीर करू नका.

पुढच्या आठवड्यात शाळेत तपासणीला साहेब यायचे होते आणि पाठोपाठ परीक्षा होत्या. मी म्हटलं, आत्ती, परीक्षा झाल्या की जाऊ, गोळ्या चुकवू नका. हेही माझ्याच खात्यावर आहे. येताना दोघींनी खरोखर बांगड्या भरल्या. आत्तींच्या हातातून त्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. कासारीण हसली, आम्हीही हसलो.

रोज सकाळी मी शाळेला निघताना विचारायची, "घेतली का?" त्या डबा हातात देत म्हणायच्या, "घेतली गं बाई." बाराव्या दिवशी मी गणिताच्या तासाला असताना शेजारणीचा फोन आला. आत्ती पडल्या होत्या. मी पोचले तेव्हा त्यांचं पोट फळीसारखं कडक झालं होतं आणि सासरे त्यांच्या उशाला बत्तासा घेऊन बसले होते. सकाळपासून तीनदा दिलं, शेजारीण म्हणाली. आता चौथ्यांदा देत होते आणि आत्तींचं तोंड उघडत नव्हतं. "उगड की. अगं ए, उगड," असं चाललं होतं त्यांचं. मी त्यांचा हात बाजूला केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या अंगाला हात लावला असेल.

कऱ्हाडहून मिरजेला पाठवलं. अल्सर फुटला होता. ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या दिवशी आत्ती गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी सासऱ्यांना विचारलं होतं, घरी काही दिलं होतं का? सासरे ताठ उभे राहून म्हणाले, "न्हाई. काय बी न्हाई." बाटली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती आणि सगळ्या व्हरांड्यात पेपरमिंटचा वास सुटला होता. डॉक्टर एकदा खिशाकडं बघून पुढच्या पेशंटकडं गेले.

दहाव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं. सुभेदारांनी बाईचं लय केलं, असं येणारा प्रत्येक जण म्हणत होता. एका दुपारी, सोप्यात पंधरावीस माणसं बसलेली असताना, सासरे म्हणाले, "औषद लागू पडलं हुतं. मधी कुनीतरी दुसरं कायतरी दिलं आसंल, त्याशिवाय गुन जाईत न्हाई." असं म्हणून त्यांनी आतल्या दाराकडं बघितलं. दारात मी चहाचं ताट घेऊन उभी होते. पंधरावीस माणसांनी माझ्याकडं बघितलं.

ते वर्ष मी कसं काढलं ते मलाच ठाऊक. डॉक्टरीणबाईंकडं जाऊन विचारायची हिंमत नव्हती. शिकलेली बाई मी, मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावते, आणि भाकरी थापताना मनात एकच यायचं की माझ्या गोळ्यांनीच आत्ती गेल्या. शेजारणी माझ्याकडून विरजण न्यायच्या बंद झाल्या. नवरा फोनवर म्हणाला, तुला काय गरज होती मधे पडायची. सासरे काहीच म्हणायचे नाहीत. मी ताट वाढलं की डोळे मिटून पहिला घास घ्यायचे, दुःखी माणसासारखे.

वर्षश्राद्धाला सवाष्णीला नेसवायला आत्तींचं एखादं न वापरलेलं लुगडं द्यायचं ठरलं, म्हणून मी त्यांची ट्रंक उघडली. तळाला, लग्नातल्या शालूच्या घडीत, हातरुमालाची गाठ होती. वाटलं, मणी असतील. गाठीत गोळ्यांचं पाकीट होतं. चौदाच्या चौदा. एकही कप्पा फोडलेला नव्हता.

मी ट्रंकेपुढं बसून रडले. आधी सुटले म्हणून रडले, हेही लिहिते. आत्तींसाठी नंतर. माझ्या गोळ्यांनी काही झालं नव्हतं, कारण त्या पोटात गेल्याच नव्हत्या. त्या बाईनं बाटलीचा नियम पाळला होता, आणि मला वाईट वाटू नये म्हणून रोज सकाळी डबा हातात देत खोटं बोलली होती. पाकीट मी परत गाठीत बांधलं. कुणालाही दाखवलं नाही. दाखवून काय झालं असतं? गाव म्हणालं असतं, किती नेमाची बाई.

त्यानंतर चारसहा महिन्यांनी सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डोळ्यांचे डॉक्टर आधी बाकीची तपासणी करून आणा म्हणाले, म्हणून मी त्यांना कऱ्हाडला घेऊन गेले. डोळ्यांना दवाखाना चालायचा, डोळ्यांत बाटलीतला थेंब घालून बघून झालं होतं म्हणे. डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही त्रास? "फर्स्ट क्लास," सासरे म्हणाले. मी म्हटलं, "जेवून आडवं पडले की छातीत जळतं. उठून बसतात." सासऱ्यांनी माझ्याकडं रागानं बघितलं. त्यांना आत ईसीजीची पट्टी काढायला नेलं. काळजात काही नव्हतं. मग डॉक्टर मला म्हणाले, यांच्या तोंडाला पेपरमिंटचा वास येतोय, रोज घेतात का?

दिवसातून तीन वेळा, मी म्हटलं. जळजळीवर घेतात.

ते हसले. आतड्याच्या कळेला पेपरमिंट बरं असतं म्हणाले, पण यांना उलटंच. जठराच्या तोंडाशी एक झडप असते, ती पेपरमिंटनं सैल पडते आणि आम्ल वर येतं. घशाला गार वाटतं, म्हणून माणसाला वाटतं औषध लागू पडलं. तासाभरानं पुन्हा जळतं, की पुन्हा घेतो. बंद करा ते. सकाळी ही एक गोळी द्या. आठवड्यात फरक पडेल. असंच चालू राहिलं तर मात्र अन्ननलिकेला जखमा होतील.

त्यांनी चिठ्ठी लिहिली. मी ती पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. बाहेर आल्यावर सासऱ्यांनी विचारलं, "काय म्हनला?"

"वय झालंय म्हणाले. चालायचंच."

एवढंच केलं मी. बोलताना आवाज हलला नाही, चेनही नीट लागली पर्सची. एसटीत सासरे खिडकीपाशी बसले, खिशातून बाटली काढली आणि बत्तासा मागितला. माझ्याजवळ होता.

पुढं त्यांचे हात थरथरायला लागले. थेंब मोजताना चार पडायचे, पाच पडायचे, म्हणून बाटली माझ्याकडं आली. खडे आता मीच आणते, मीच बाटली हलवते. सकाळ, दुपार, संध्याकाळ मी बत्ताशावर तीन थेंब टाकून त्यांच्या जिभेवर ठेवते. ते डोळे मिटतात. मग मी घड्याळ बघते. तासाभरात हात छातीवर जातो, तोंड आंबट होतं, ते उठून बसतात. तिखट सोडलं, वांगं सोडलं, चहा सोडला. जे सोडायचं ते माझ्या हातात आहे. मला त्यात समाधान मिळतं. शाळेत दिवस वाईट गेला तर जास्त मिळतं.

एकदा त्यांचे फौजेतले एक जोडीदार आले होते. सोप्यात आणखी चारजण. सासऱ्यांनी छाती चोळलेली बघून जोडीदारांनी खिशातून चघळायची गोळी काढली. "घे रं, लगीच थांबतंय. मी रोज घेतो."

सासऱ्यांचा हात पुढं झाला. मी पाणी घेऊन आले होते. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मामा दुसऱ्याचं औषध घेत न्हाईत. त्यांचाच नियम हाय."

हात तिथंच थांबला. "व्हय," सासरे म्हणाले. "नियम हाय." चौघांनी माना डोलावल्या. जोडीदारांनी ओशाळून गोळी परत खिशात घातली. मला त्या दिवशी भाकरी गोड लागली.

गेल्या महिन्यातली गोष्ट. वरच्या आळीतली एक बाई सकाळी औषधाला आली. चाळिशीची असेल, ऊसतोडीच्या बायांत पुढं असायची. पोटाला पदर आवळून बांधला होता. सासरे खाटेवर बसून होते. बाटली माझ्याकडं आहे, पण नियम तेच सांगतात. त्यांनी बोट वर करून सगळे नियम सांगितले. मी बाईला पूर्वेकडं तोंड करून बसवलं, तीन थेंब दिले. "गार वाटलं गं," ती म्हणाली. तिच्या हातातल्या बांगड्या मला दिसल्या. कोपराकडं सरकत होत्या.

मी म्हटलं, चल, थांब्यापर्यंत येते, मला साबण आणायचाय. रस्त्याला लागल्यावर विचारलं, "शी काळी होती का?" ती चालता चालता थांबली. दोन महिने झालं, म्हणाली.

मी तिला झाडाच्या आडोशाला घेतलं. आत्तींचं सगळं सांगितलं, गोळ्यांचं पाकीट सोडून. म्हटलं, आत्ताच्या आत्ता कऱ्हाडला जा, डॉक्टरीणबाईंना हेच सांग, दुर्बिणीनं बघा म्हण. ती म्हणाली, "आन गुन?" मी म्हटलं, गुण बाटलीत नाही. ती बघतच राहिली. ज्या बाईनं पाच मिनिटांपूर्वी थेंब दिले, तीच असं बोलत होती. "मामांना कळू देऊ नगंस," मी म्हटलं. वडापची, माणसं भरून नेणारी जीप आली, मी तिला ढकलूनच आत बसवलं आणि तिच्या भावाला फोन लावला. साबण न घेताच परत आले.

दुपारचं जेवण झालं. सासरे खाटेवर आडवे झाले, उठून बसले, छाती चोळली. मी बाटली आणि बत्तासा घेऊन गेले.

"तिला काय सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"कुणाला?"

"ती कऱ्हाडच्या जीपमदी बसली. हितनं दिसतंय सगळं. तूच बसवलीस." मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना लांबचं चांगलं दिसतं, हे माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं.

मी बाटलीचं बूच काढलं.

"तिला दवाखान्यात धाडलीस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. आंबट पाणी वर येत होतं म्हणून मधे मधे थांबत होते. "आन मला?"

ह्या प्रश्नासाठी मी दीड वर्ष उत्तर तयार ठेवलं होतं. "तुमचं औषध चालू हाय न्हवं, मामा," मी म्हटलं. "मधी दुसऱ्याचं आलं की गुण जातो."

ते थांब्याकडं वळले. मग म्हणाले, "तुज्या आत्तीला मी ह्येच म्हनलो हुतो."

"कवा?"

"गोळ्या घिऊन आलती माज्याकडं. पोरीनं आनल्यात, घिऊ का म्हनून इचारलं. मला म्हनली, लय दुकतंय वो."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पंधरावीस माणसांसमोर आतल्या दाराकडं बघितलं तेव्हाही ठाऊक होतं, की गोळी पोटात गेलेली नाही. आणि मी नेमाची बाई म्हणून जिच्यावर रुसले होते, तिनं नियम मनानं पाळलाच नव्हता. तिला जगायचं होतं. तिनं परवानगी मागितली होती.

मला त्यांची कीव आली असं लिहायला आवडलं असतं. म्हातारा माणूस, तोंडानं कबूल करतोय, डोळ्यांत पाणी. चिठ्ठी अजून पर्समध्ये होती आणि पर्स समोरच्या खिळ्याला. एक वाक्य बोलले असते तर आठवड्यात जळायचं थांबलं असतं. मी बत्तासा तळहातावर ठेवला आणि बाटली तिरपी केली. एक, दोन, तीन.

सासऱ्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. मग खाटेवर हळूहळू वळून बसले, पूर्वेकडं तोंड केलं, आणि मी न सांगताच तोंड उघडलं.